अमेरिकन यादवी युद्धाची ऑडिओ व्याख्यानमाला: काही महिने ऐकल्यानंतर

किती तासांची, कुठल्या ॲपवर, हे घेणाऱ्याला माहीत असतंच. रिव्ह्यू लिहायचं कारण वेगळं. गेल्या अपडेटनंतर डाउनलोड केलेले सगळे भाग उडाले. कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर, ॲप काढून परत टाका. टाकलं. आता 1850 चा भाग अर्ध्यावर येऊन अडकतो, आणि नेमका तोच पैसे वसूल भाग आहे.

जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती का, हे नीट कळावं म्हणून ही व्याख्यानमाला सेलमध्ये घेतली होती. सुरुवातीला लढाया आवडल्या, गेटिसबर्ग तर झकासच. त्याआधीच्या तडजोडी मात्र रटाळ वाटल्या. 1820 ची मिसूरी तडजोड, गुलामी कुठपर्यंत चालेल हे ठरवणारी 36 अंश 30 मिनिटांची रेषा, कुठलं राज्य कुठल्या बाजूचं. आता लढाया पुढे ढकलतो आणि कायदेच ऐकतो.

कारण ते 10 डॉलर. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या 1850 च्या कायद्यात सुनावणी घेणाऱ्या कमिशनरची फी ठरवून दिली होती. माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर 10 डॉलर, सोडला तर 5. समर्थन काय, तर परत पाठवताना कागदपत्रं जास्त करावी लागतात! पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष द्यायची सोय नाही. व्याख्याते हे एका वाक्यात उरकून पुढे पळतात. अहो, थांबा की जरा! सोसायटीच्या बिलात पाच रुपये जास्त दिसले तर मी सेक्रेटरीला जिना चढू देत नाही, आणि इथे माणसाच्या आयुष्याच्या निकालात 5 डॉलरचा फरक छापून ठेवलाय.

याच कायद्याने उत्तरेतल्या साध्या नागरिकालाही पकडापकडीत मदत करायला बांधलं. पळालेल्याला आसरा दिला तर 1000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गुलामी म्हणजे दक्षिणेची भानगड, असं म्हणून गप्प बसायची सोयच संपली. 1854 मध्ये गुलामीतून पळून आलेल्या अँथनी बर्न्सला परत पाठवायला बोस्टनच्या रस्त्यांतून सैनिकांच्या पहाऱ्यात जहाजावर नेलं, तेव्हा लोकांनी इमारतींवर काळी कापडं लावली होती. मग उत्तरेतल्या राज्यांनी या कायद्याला आडवे जाणारे आपापले कायदे केले.

इथेच माझं व्याख्यात्यांशी वाजतं. पहिल्या भागात ते म्हणतात, भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं. पण डिसेंबर 1860 मध्ये दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य देशातून फुटून निघालं, तेव्हाच्या त्या राज्याच्या जाहीरनाम्यात तक्रार काय? उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेने आपले हक्क वापरले, हाच गुन्हा! हा जाहीरनामा यांनीच नंतर वाचून दाखवलाय, तरी पहिला भाग दुरुस्त करायला सवड नाही.

कॅन्ससमध्ये गुलामीवरून झालेला रक्तपात, काळ्या माणसाला नागरिकच न मानणारा 1857 चा ड्रेड स्कॉट निकाल, हे भाग ठीक. 1856 मध्ये दक्षिणेतला खासदार ब्रुक्स याने गुलामीविरोधी सिनेटर समनरला सिनेटमध्येच छडी मोडेपर्यंत मारलं आणि दक्षिणेतल्या चाहत्यांनी त्याला नव्या छड्या भेट पाठवल्या, हे ऐकल्यावर 1861 मध्ये फोर्ट समटर किल्ल्यावर डागलेली युद्धाची पहिली तोफ अचानक वाजली असं वाटतच नाही.

दोन स्टार ॲपचे कापले. नूतनीकरणाचा मेसेज आलाय, सेलच्या दुप्पट भावाने. 1850 चा भाग शेवटपर्यंत वाजेपर्यंत एक पैसा देणार नाही. तुम्ही घेतलीत तर पहिल्याच दिवशी तोच भाग डाउनलोड करून पूर्ण चालवून बघा, परतावा मागायची मुदत फार थोडी असते.