मामांची जुनी १०५ एमएम निकॉर, डी७२०० वर आठ महिने

फेब्रुवारीत मामांनी कपाट आवरताना त्यांची लेन्स माझ्या हातात ठेवली, निकॉनची निकॉर १०५ एमएम एफ/२.५, एआय-एस प्रकारची, पूर्ण मॅन्युअल. एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर लावून ते लग्नं काढायचे. तेव्हापासून ती माझ्या निकॉन डी७२०० या डिजिटल कॅमेऱ्यावरून फारशी उतरलेली नाही. जुनी लेन्स डिजिटलवर चालते का असं विचारलं की लोक नुसतं "हो, बसते की" म्हणतात, पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, म्हणून सविस्तर लिहितोय.

निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची जागा) १९५९ पासूनचा आहे, त्यामुळे बसते. पण मीटर (उजेड मोजणारी सोय) चालायला बॉडीच्या माउंटच्या कडेला एक छोटा टॅब लागतो, तो लेन्सच्या अपर्चर रिंगला (आतलं छिद्र लहान-मोठं करणारी रिंग) टेकतो आणि रिंग कुठे आहे ते कॅमेऱ्याला कळतं. डी७०००, ७१००, ७२०० ला हा टॅब आहे. ३००० आणि ५००० सिरीजला नाही, आणि डी७५०० नंबरने नवा असूनही त्यालाही नाही, तिथे एम (मॅन्युअल) मोडवर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघत अंदाजानेच काढावं लागतं. आणि हे नीट वाचा, १९७७ च्या आधीची एआय न केलेली (म्हणजे या टॅबला जुळणारी रिंग नसलेली) लेन्स टॅबवाल्या बॉडीवर जोर लावून फिरवू नका, टॅब मोडतो. अपर्चर रिंगवर आकड्यांची दुसरी बारीक ओळ असेल तर एआय समजायची.

सेटिंगला दोन मिनिटं पुरतात. सेटअप मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये १०५ आणि २.५ भरलं की मॅट्रिक्स मीटरिंगसुद्धा (पूर्ण फ्रेमचा उजेड मोजणारं) चालतं. ए (अपर्चर आपण, शटर कॅमेरा ठरवतो) आणि एम मोडच वापरायचे, अपर्चर लेन्सच्या रिंगवरून बदलायचं.

खरा प्रश्न फोकसचा. हल्लीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जुन्या कॅमेऱ्यांसारखी मधोमध दुभंगणारी स्प्लिट इमेज नसते, त्यामुळे नुसत्या डोळ्यावर विसंबून पहिले दोन महिने माझे निम्म्याहून जास्त फोटो नाकावर किंवा कानावर फोकस होऊन आले. फोकस झाला की डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो खरा, पण रिंग जराशी फिरवली तरी तो लागलेलाच राहतो, आणि एफ/२.५ ला तेवढ्यात डोळ्यावरचा फोकस जातो. आता मी रिंग कायम लांबून जवळ आणतो, ठिपका लागला रे लागला की थांबतो. माझ्या बॉडीवर बरोबर जागा तीच आहे, तुमच्यावर वेगळी असेल, ट्रायपॉडवर लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून एकदा ताडून बघा.

गणपतीच्या आधी कोल्हापुरात बापट कँपला, मूर्ती घडवणाऱ्या कुंभारांच्या वस्तीत, गेलो होतो. एक काका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. ही लेन्स एक मीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे त्यांच्या हाताला अडचण न करता लांब बसता आलं. श्वास रोखून ते रेघ ओढायचे आणि हात उचलायचे, आणि त्या चालीवर माझंही रिंग फिरवणं बसत गेलं. ब्रशचं टोक, त्यावरचा ओला काळा रंग आणि मागे शाडूच्या मूर्तींची विरघळलेली रांग, असा फोटो माझ्या ऑटोफोकस झूमने कधीच दिला नव्हता. अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या छावणीत त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो याच १०५ एफ/२.५ ने काढला होता, आणि माणसाच्या चेहऱ्याला ही लेन्स काय देते ते मला त्या दिवशी कळलं.

पळणारी पोरं, कुस्ती, लेझीम यासाठी मात्र नको. एका जागेवर आधीच फोकस लावून वाट बघितली तर एखादा मिळतो, पण त्याच्यावर कामं घेऊ नका. समोरून ऊन आलं की कॉन्ट्रास्ट पडतो, आत असलेलं हूड (उन्हाला आड करणारी नळी) बाहेर ओढायला विसरू नका, आणि पूर्ण उघडी असताना चकाकणाऱ्या कडांना जांभळट रंग येतो.

लेन्सच्या काचेवर फंगस, म्हणजे बुरशी, होतं. एकाकडे साफ करायला दिली, काच स्वच्छ झाली पण इन्फिनिटीला (रिंग सगळ्यात लांबच्या टोकाला) लांबचं शार्प येईना, दुसऱ्याकडून पुन्हा सेट करून घ्यावी लागली. साफ करून घेतलीत तर दुकानातच लांबच्या तारेवर नाहीतर टॉवरवर बघून मगच पैसे द्या. पावसाळाभर मी ती सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवली.

विकत घेणार असाल तर रिंग एफ/२२ ला ठेवून मागची छोटी दांडी बोटाने दाबून सोडा. अपर्चरची पाती चटकन मिटली पाहिजेत. रेंगाळत असतील तर आत तेल उतरलंय आणि फोटो ओव्हरएक्स्पोज येणार, तसली घेऊ नका.