दहा दिवसांचा पोलीस नेतृत्व अभ्यासक्रम : खान्देशातून जाणाऱ्यांसाठी अभिप्राय

उपविभागीय आणि त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांसाठी, एका परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने भरवलेला दहा दिवसांचा निवासी नेतृत्व अभ्यासक्रम मी गेल्या हिवाळ्यात पूर्ण केला. नाव पाठवावे का, असे धुळे, जळगाव आणि नंदुरबारचे सहकारी विचारतात. जरूर पाठवावे, मात्र आपल्या हद्दीतला एखादा अडलेला प्रश्न सोबत न्यावा, कारण ज्यांनी तो नेला त्यांनाच तेथून काही हाती लागले.

पहिले दोन दिवस नेतृत्वाच्या व्याख्या आणि आलेख यांत गेले. त्यांतले आज फारसे आठवत नाही. तिसऱ्या दिवसाने मात्र सारी भरपाई केली, कारण त्या दिवशी एक प्रत्यक्ष प्रयोग समजावून सांगितला गेला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मद्यपी चालक शोधण्याच्या ६० नाकाबंद्यांपैकी ३० ठिकाणी पोलिसांनी नेहमीच्या पद्धतीने तपासणी केली, तर उरलेल्या ३० ठिकाणी हातात एक लहान कार्ड ठेवून संवाद साधला: तपासणी का चालली आहे ते सांगायचे, चालकाला बोलू द्यायचे, कोणाला हेरून थांबवलेले नाही हे स्पष्ट करायचे आणि आभार मानायचे. ज्यांच्याशी असे बोलले गेले त्या चालकांचे पोलिसांविषयीचे मत अधिक चांगले आढळले. केवळ सौजन्याचा उपदेश न करता ते मोजून दाखवले, ही या अभ्यासक्रमाची खरी ताकद आहे.

परतल्यावर मी तसेच कार्ड तयार केले, पण अहिराणीत. धुळे–पारोळा रस्त्यावरील नाकाबंदीत पहिल्या रात्री आमचे ज्येष्ठ हवालदार ते हातात धरून बराच वेळ अवघडले होते. मग रावेरकडून केळी भरून आलेल्या एका ट्रकचालकाला त्यांनी "दादा, कोठे जाई राह्यनात?" असे विचारले, आणि एरवी कागद खिडकीबाहेर धरून समोर पाहत बसणारा तो चालक खाली उतरून, पुढच्या वळणावर दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रॅक्टरविषयी स्वतःहून सांगू लागला. एका रात्रीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, हेही याच अभ्यासक्रमाने शिकवले. म्हणून काही ठिकाणी कार्डासह आणि काही ठिकाणी कार्डाविना अशी नोंद आम्ही ठेवत आहोत.

दुसरा मोठा लाभ वेळापत्रकात नव्हता. सातपुड्यातील पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळले जाते, तेव्हा साक्षीदार मिळत नाहीत, हा माझा प्रश्न गटचर्चेत मांडला असता प्रशिक्षकांपाशी उत्तर नव्हते. चहाच्या वेळी नेपाळचे एक अधिकारी जवळ आले. त्यांच्याकडे अशा बाईला बोक्सी म्हणतात आणि २०१५ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूदही आहे. गुन्हा नोंदवल्यानंतर त्या बाईने त्याच वस्तीत कसे राहायचे, यावर आम्ही दोघे जेवणाची घंटा होईपर्यंत बोलत होतो. देवाणघेवाण या शब्दाला साजेसा मला मिळालेला तो सर्वांत चांगला तास होता, आणि त्यासाठी वेळापत्रकात जागा असायला हवी होती.

उणिवा स्पष्ट सांगतो. जवळजवळ सर्व उदाहरणे महानगरांची होती. धडगावसारख्या भागात पाड्यापर्यंत पोहोचण्यातच अर्धा दिवस जातो, याचा विचार कुठेच दिसला नाही. अध्यापन पूर्णतः इंग्रजीत होते, त्यामुळे शिपाई पदावरून वर आलेले दोन अनुभवी अधिकारी शेवटपर्यंत गप्प राहिले. त्यांचे मौन हे सगळ्यांचेच नुकसान होते. अमेरिकेतील क्वांटिको येथे एफबीआयची राष्ट्रीय अकादमी अशाच दर्जाच्या अधिकाऱ्यांना दहा आठवडे एकत्र ठेवते. त्यापुढे दहा दिवस तोकडे आहेत, याची भरपाई नंतरच्या पाठपुराव्याने करता आली असती, पण प्रमाणपत्र मिळाल्यावर संयोजकांकडून एकदाही विचारणा झाली नाही.

नाव पाठवणाऱ्यांनी बंदोबस्ताचे दिवस टाळून अर्ज करावा. सारंगखेड्याच्या यात्रेच्या तोंडावर सुटी मिळत नाही. कार्डाचा अहिराणी मसुदा माझ्या कार्यालयात आहे. पावरी भाषेतला मसुदा करून देणारे कोणी नंदुरबारकडे असेल, तर तो मला हवा आहे.