मेस बघायला मंगळवारी रात्री जा

पोरगं नाशकात शिकायला जाणार असेल, तर एका जेवणाचा दर काढताना मेसवाल्याने सांगितलेला महिन्याचा दर ३० ने भागू नका, ५६ ने भागा. ३० दिवसांची दोन वेळची ६० जेवणं, त्यातून चार रविवारच्या संध्याकाळी मेस बंद, कारण दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, झालेली असते. कॉलेजरोड, गंगापूररोड, अमृतधाम, कुठेही जा, हिशेब साधारण हाच.

खरी मेख खाड्यात आहे. न जेवलेल्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होणं म्हणजे खाडा. पण तो बहुतेक ठिकाणी सलग तीन दिवसांच्या पुढेच धरतात, तोही आधी सांगितलं तर. कळवण, सटाणा, येवल्याची पोरं शनिवारी दुपारी एसटी धरतात आणि सोमवारी सकाळी परततात. फेरीमागे शनिवारची रात्र आणि रविवारची फीस्ट अशी दोन जेवणं बुडतात, आणि ती तीन दिवसांच्या नियमात कधीच बसत नाहीत. दर आठवड्याला घरी जाणाऱ्याची ५६ ची ४८ च होतात. अशांनी महिन्याची मेस लावूच नये, ठरावीक जेवणांचं कूपन घ्यावं. कूपनची मुदत मात्र आधी विचारा. ३० दिवसांत संपणारं कूपन म्हणजे महिन्याचीच मेस, फक्त कागद वेगळा. महिना एक तारखेपासून धरतात की पैसे भरल्या तारखेपासून, हेही आधीच बोलून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत वाद होतो तो यावरूनच.

चव बघायला पालक येतात ते सोयीच्या रविवारी, आणि पनीर-गुलाबजाम खाऊन खूश होऊन जातात. मंगळवारी रात्री सव्वानऊला जा. प्रॅक्टिकल, जर्नल, क्लास आटपून पोरगं रोज त्याच वेळेला पोचणार आहे. तेव्हा पोळी तव्यावरून येते की दुपारपासून डब्यात दडपलेली, ते बोटाला कळतं: कडा कडक आणि मधे ओलसर असेल तर ती वाफेत पडून राहिलेली. छोले अख्खे दिसतात पण चमच्याने दाबले की पीठ होतात, साल सुटलेली असते आणि जिभेवर साबणासारखी चव राहते? मग गॅस वाचवायला सोडा घातलाय. सोमवारचे छोले, मंगळवारचा राजमा आणि बुधवारची मटकी एकाच लाल वाटणात पोहताना दिसली तर त्यात गैर काही नाही, पण महिनाभरात पोरगं कंटाळतं आणि रात्री वडापाववर येतं. तक्रारीची सुरुवात इथून होते, पोटदुखीतून नव्हे.

पोटदुखीचं एक मूळ भातात असतं. दुपारचा उरलेला भात रात्रभर बाहेर राहिला आणि सकाळी फोडणीचा भात म्हणून आला, तर त्यात तयार झालेलं विष फोडणीच्या आचेने जात नाही. उरलेल्या भाताचं काय करता, हे सरळ विचारावं. चांगला मेसवाला चिडत नाही. भिंतीवर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी नंबर आहे का, पिण्याच्या पाण्याची टाकी झाकलेली आहे का, हे जाता जाता बघून घ्या. ओआरएसची चार पाकिटं खोलीत असू द्यात. पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, म्हणजे एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्ये, अर्धं अर्धं करून ग्लासात नाही.

मेस की घरगुती डबा? चवीत डबा सरळ जिंकतो: भाजी मोजकी, तेल कमी, कधी बाजरीची भाकरीसुद्धा. तरीही पहिल्या सत्रासाठी आमचं मत मेसला. डबा खोलीत, मोबाईलसमोर, एकट्याने संपतो. मेसच्या बाकावर शेजारी नंदुरबारचा कोणी बसतो, समोर दुसऱ्या वर्षाचा, आणि कोणत्या सरांचं सबमिशन कधी हे वरणभातासोबतच कळतं. दुसऱ्या सत्रात खुशाल डबा लावा. महिरावणीसारख्या शहराबाहेरच्या कॅम्पसवर निवड कमीच असते. तिथे घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची बरणी दिली की भाताची तरी सोय होते.

पालकांना दोनच सूचना. पूर्ण सत्राचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही दिली तरी. एक महिन्याचे भरा, आणि तेही पोराच्या हातून. खाड्याचा हिशेब त्यालाच मांडू द्या. पहिल्यांदा तो दोन दिवस विसरेल, दुसऱ्यांदा वहीत लिहील. आणि फोन दहानंतर करा. नऊ ते दहा ताटं हातात असतात. तेव्हा "जेवलास का?" ला "हो" एवढंच उत्तर येतं. "आज भाजी कुठली होती?" विचारलं तर पाच मिनिटं बोलतो, आणि दोन दिवस लागोपाठ भाजी आठवली नाही तर समजा, तो मेसला जातच नाहीये.