बुकमार्क न्यायचे कसे: एचटीएमएल फाईल की फ्लॉकस?

घरी फायरफॉक्सवर आलेल्या, पण ऑफिसात क्रोमच वापरावं लागणाऱ्या मैत्रिणीचा हा प्रश्न.

मेहनत फाईलला कमी. क्रोममधून सगळ्या बुकमार्कांची एचटीएमएल फाईल काढायची, फायरफॉक्सला द्यायची, झालं. फ्लॉकस म्हणजे दोन ब्राउझरांतले बुकमार्क जुळते ठेवणारं एक्स्टेंशन; ते दोन्हीकडे टाकून गूगल ड्राइव्ह किंवा नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येणारी तशीच साठवण) जोडावं लागतं. ऑफिसात परवानगी आहे का, तेही आधी विचारावं.

खरा वैताग नंतरचा. फाईल म्हणजे त्या दिवसाची प्रत. उद्या ऑफिसात साठवलेली लिंक घरी दिसत नाही, आणि नवी फाईल आणून ओतली की जुन्या लिंका दोनदोनदा दिसू लागतात. फायरफॉक्सचे टॅग तर क्रोम घेतच नाही, म्हणून वर्गवारी फोल्डरनेच करा. फ्लॉकस प्रत्येक बदल दोन्हीकडे पोचवतो, पण चुकून उडवलेलं फोल्डरही दोन्हीकडून जातं. त्याला बॅकअप समजू नका.

टिकण्यात फाईल निर्विवाद पुढे: नेटस्केप या नव्वदीतल्या ब्राउझरच्या काळातला तो फॉरमॅट आजही चालतो. पैसे कशालाच लागत नाहीत.

ब्राउझर कायमचा बदलणाऱ्याला फाईल पुरते. रोज दोन्ही वापरणाऱ्याने फ्लॉकस घ्यावं, मात्र आधी फाईल काढून ठेवून.