पहिला डीएसएलआर म्हणून कॅनन १५००डी : कॅमेरा बरा, गोव्याची हवा वाईट

कॅननचा १५००डी २०१८ साली आला, आणि आला तेव्हाही तो काही ताजा माल नव्हता. आतला डिजिक ४+ प्रोसेसर आधीच्या मॉडेलांतून उचललेला, फोकसचे बिंदू नऊ, वेग सेकंदाला तीन फोटो. मागचा तीन इंची स्क्रीन वळत नाही आणि बोट लावून काही होत नाही. त्यात कॅननने २०२० नंतर असा आरशाचा नवा डीएसएलआर काढलेला नाही, सगळा जोर बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. तरीही कमी खर्चात फोटोग्राफी शिकायची असेल तर हा घ्यावा असंच आमचं मत आहे. २४.१ मेगापिक्सेलचा सेन्सर आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० पर्यंत स्वच्छ चित्र देतो, १६०० सुद्धा चालून जातो. आणि हिरव्या ऑटोवरून चकती हलवली की हा कॅमेरा परस्पर फारसं काही ठरवत नाही. शिकणाऱ्याला तेच हवं.

ज्यांना मुख्यतः व्हिडिओ करायचे आहेत त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. फुल एचडीच्या वर तो जात नाही, बाहेरचा माइक लावायला जागा नाही आणि रेकॉर्डिंग चालू असताना फोकस आपणहून माणसामागे फिरत नाही. रील करायला हातातला फोन याच्यापेक्षा कितीतरी बरा.

डबा उघडल्यावर पहिलं काम व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचं. त्याच्या उजव्या अंगाला एक छोटी खाचेरी कळ असते, ती फिरवून आतले नऊ चौकोन कातीव दिसेपर्यंत जुळवून घ्या. चष्मेवाल्यांनी तर हे करायलाच हवं. नाहीतर फोटो बरोबर असूनही आत सगळं धूसर दिसतं आणि लोक लेन्स खराब आहे म्हणून दुकानात परत जातात. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, क्वालिटीमध्ये रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची फाइल) आणि लार्ज जेपीईजी दोन्ही ठेवा. एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणून ६४ जीबीचं कार्ड घ्या. बॅटरी आणि कार्ड एकाच झाकणाखाली, कॅमेऱ्याच्या तळाशी आहे. ट्रायपॉडची प्लेट लावली की ते झाकण अडतं, तेव्हा ट्रायपॉडवर चढवण्याआधी कार्ड आणि चार्ज बघून घ्या.

चकती ‘एव्ही’वर न्या आणि पहिले दोन महिने तिथेच ठेवा. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) तुम्ही ठरवता, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) कॅमेरा ठरवतो, आणि एका वेळी एकाच गोष्टीचा विचार करावा लागतो. हिरव्या ऑटोत काय बिघडतं ते गणेश चवथीच्या माटोळीखाली (मूर्तीवर टांगलेली फळापानांची आरास) लगेच कळतं. अंधारलेली खोली, समोर गणपती, वर नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे फणे लटकलेले. ऑटोत दोन गोष्टी होतात. फ्लॅश आपोआप उघडतो आणि समईचा उजेड मारून टाकतो. आणि नऊही बिंदू चालू असल्यामुळे कॅमेरा बहुतेक वेळा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, म्हणजे पुढे लोंबणारा सुपारीचा घोस. गणपती मागे मऊ होऊन जातो. घरी आल्यावर म्हणायचं, फोकस गेला. फोकस गेलेला नसतो, भलतीकडे बसलेला असतो.

उपाय असा. फोकस-बिंदू निवडायच्या बटणाने नऊऐवजी मधला एकच बिंदू निवडा. या कॅमेऱ्यात तोच सर्वांत भरवशाचा आहे, तो आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडतो, बाकीचे आठ एकाच दिशेच्या रेषांवर चालतात. एएफ (ऑटो फोकस) मोड ‘वन शॉट’. बिंदू मूर्तीच्या डोळ्यावर ठेवून शटर अर्धं दाबा, टिक वाजली की बोट न उचलता चौकट हवी तशी करा आणि पूर्ण दाबा. सोबतची लेन्स १८ एमएमवर, ॲपर्चर एफ ३.५, आयएसओ १६००. शटर १/३० सेकंदाच्या आसपास आलं तर हरकत नाही, लेन्समधलं स्टॅबिलायझर तेवढं सावरून घेतं. पण आरती चालू असेल तर स्टॅबिलायझर काही कामाचं नाही. ते तुमच्या हाताचा कंप थांबवतं, हलणारी निरांजनं आणि टाळ वाजवणारे हात थांबवत नाही. त्यासाठी १/१२५ तरी हवं, म्हणजे आयएसओ ६४०० आणि दाणे पत्करायचे. या कॅमेऱ्यात आयएसओ १००, २००, ४०० असा दुपटीनेच चढतो, मधले आकडे नाहीत. रंगाचं म्हणाल तर समई आणि एलईडीच्या माळा एकाच चौकटीत असल्या की ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. रॉ घेतलेलं असेल तर ते घरी नीट करता येतं.

दुसरी हमखास तक्रार पांढऱ्या वास्तूंची. मंगेशीचा दीपस्तंभ घ्या किंवा पणजीच्या चर्चचा पांढरा जिना. फोटोत दोन्ही राखाडी येतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या सगळ्याला मध्यम राखाडी धरून मोजतो, पांढरं जास्त दिसलं की उजेड जास्त आहे असं समजून फोटो काळवंडवतो. मागे ‘एव्ही’ आणि अधिक-उणे लिहिलेलं बटण आहे, ते दाबून धरून शटर बटणामागची छोटी चकती फिरवा आणि काटा अधिक १ वर न्या. पावसाळ्यात ओल्या चिऱ्याच्या भिंती आणि गर्द झाडी असली की उलटं, उणे दोन तृतीयांश. काम झालं की काटा शून्यावर आणायला विसरू नका. हेच बटण मॅन्युअल मोडमध्ये मात्र ॲपर्चर बदलतं. आकडे बदलायला एकच चकती असलेल्या कॅमेऱ्याची ही काटकसर आहे आणि नवशिक्यांचा तिथे हटकून घोळ होतो. स्क्रीनवर फोटो किती उजळ दिसतो त्यावर जाऊ नका, उन्हात तो नेहमीच काळा दिसतो. डिस्प्ले बटणाने हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) काढा, डोंगर उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला.

सोबत येणारी १८-५५ ही लेन्स तिच्या किमतीत चांगली आहे. एफ ८ वर कडेपर्यंत नेटकी राहते, आणि २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. तिचा एक दोष दुकानदार सहसा सांगत नाही. फोकस होताना पुढची काच गोल फिरते. समुद्राची चमक मारायला पोलरायझर फिल्टर लावला तर प्रत्येक फोकसनंतर तो पुन्हा फिरवावा लागतो. ५८ एमएमचा महागडा पोलरायझर पहिल्याच दिवशी घेण्यात म्हणून अर्थ नाही. आणि एएफ चालू असताना पुढची रिंग हाताने फिरवू नका, आतल्या मोटरवर ताण येतो. आधी बाजूचं बटण ‘एमएफ’वर (मॅन्युअल फोकस) टाका.

दुकानात ५५-२५० (लांबचं जवळ आणणारी लेन्स) सोबतचा दोन लेन्सचा संच गळ्यात मारला जातो. त्याऐवजी एक लेन्सचा संच आणि उरलेल्या पैशांत ५० एमएम एफ १.८ एसटीएम (शांत फोकस मोटरची आवृत्ती) घ्यावी, हे आम्ही ठासून सांगू. १६० ग्रॅमची चिमुकली लेन्स आहे, पण १८-५५ ची लांब बाजू एफ ५.६ वर थांबते तिथे ही दहापटीच्या जवळपास उजेड आत घेते. शिगम्याची (गोव्यातला होळीचा सण) मिरवणूक रात्री दिव्यांखाली आली की हा फरक पैसे वसूल करतो: एफ २.२, आयएसओ १६००, १/२५० आणि रोमटामेळातले (ढोल-ताशांवर नाचणारी पथकं) नाचे थांबलेले मिळतात. मात्र भर दुपारी मिरामारच्या वाळूवर एफ १.८ लावू नका. कॅमेऱ्याचं शटर १/४००० च्या वर जात नाही, व्ह्यूफाइंडरमध्ये ४००० लुकलुकायला लागतं आणि फोटो पांढराफटक येतो. एफ २.८ वर सगळं पुन्हा आवाक्यात येतं. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात पक्षी टिपायचे असतील तरच ५५-२५० चा विचार करा, आणि मग तिचीही एसटीएम आवृत्तीच मागा.

सूर्यास्ताबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. हा आरशाचा कॅमेरा आहे, व्ह्यूफाइंडरमधून तुम्ही लेन्समधून आलेला खराखुरा उजेड पाहता. सूर्य वर असताना, विशेषतः लांब लेन्स लावून, त्यातून सूर्याकडे पाहू नका. डोळ्याला इजा होते. सूर्य चौकटीबाहेर ठेवून बाजूच्या आभाळावर मीटर घ्या, उणे १ करा.

आता हवेचं. गोव्यात पहिला कॅमेरा पडून फुटण्यापेक्षा कपाटात बुरशी लागून जास्त वाया जातो. जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर सहज राहते, आणि बंद, काळोख्या जागेत लेन्सच्या आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. सोबत आलेली कापडी बॅग ही यासाठी सर्वांत वाईट जागा. कापड ओल धरून ठेवतं. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. ३० च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं, म्हणजे जेल ओतत सुटायचं नाही. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. जेल नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात तर मुळीच तापवू नये. तांदळात कॅमेरा पुरण्याची युक्ती विसरा, पीठ आत जातं. आणि डब्यात ठेवला म्हणून चार महिने हात लावायचा नाही असंही नको, आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात दहा-वीस फोटो काढा.

एसीच्या गाडीतून उतरून लगेच झाकण काढलं तर काचेवर धुकं धरतं. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, पुसत बसू नका. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. या मॉडेलला सेन्सर आपोआप झटकणारी सोय नाही, आत गेलेला कण आतच राहतो. शंका आली तर एफ १६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर ती धूळ. पूर्ण चार्ज बॅटरी घाला, मेनूतून ‘क्लीन मॅन्युअली’ निवडा, कॅमेरा तोंड खाली धरून रबरी फुग्याने हवा मारा. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा नको, तोंडाने फुंकर तर नकोच. समुद्रावरून आल्यावर बॉडी आणि लेन्सचा बाहेरचा भाग किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा, मग कोरड्याने. खारं सुकलं की रिंगा करकरायला लागतात. माशेलच्या चिखलकाल्याला (चिखलात खेळायचा उत्सव) नेणार असाल तर लक्षात ठेवा, या बॉडीला पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही. हूडभोवती रबराने आवळलेली प्लॅस्टिकची पिशवी हेच चिलखत.

जुना घेत असाल तर बॅटरीपासून सुरू करा. मूळ एलपी-ई१० व्ह्यूफाइंडरने काढल्यास सुमारे ५०० फोटो देते, फुगलेली नक्कल खाचेत अडकते. मग लेन्स काढून दोन्ही झाकणं बाजूला करा आणि फोनचा टॉर्च मागून तिरका मारून आत बघा. धुळीचे चार कण चालतील. धागे किंवा धुरकट डाग दिसले तर कितीही स्वस्त मिळाली तरी लेन्स घेऊ नका. बॉडी चांगली असेल तर ती वेगळी मागा.