सिग्नलवर पाच वर्षे वाद घातल्यानंतर

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या गोपनीयता धोरणाला संमती मागणारी सूचना पाठवली, तेव्हा आमच्या अभियांत्रिकीच्या १९८९ च्या तुकडीच्या गटावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. निम्म्या मित्रांचा समज असा झाला होता की आता आपले सगळे संदेश कंपनी वाचणार. दूरसंचार क्षेत्रात नोकरी केलेल्या एका मित्राने शांतपणे समजावले, की बदल मुख्यतः व्यावसायिक खात्यांशी होणाऱ्या संवादाचा आणि व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुकला मिळणाऱ्या माहितीचा आहे, खासगी संदेशांचे कुलूप तसेच आहे. त्याचे म्हणणे बरोबर होते. तरीही त्याच आठवड्यात आम्ही चौतीसपैकी अठ्ठावीस जण सिग्नल या दुसऱ्या संदेश-ॲपवर गेलो, कारण एका जाहिरात कंपनीच्या अंगणात बसून तंत्रज्ञान, सुरक्षा आणि राजकारण यांवर रोज वाद घालणे आमच्यापैकी अनेकांना आधीपासूनच खटकत होते. उरलेले सहा जण अजूनही आलेले नाहीत. आमच्या गटावर गप्पांपेक्षा वादच जास्त होतात, त्यामुळे मी या ॲपकडे निरोप पोहोचवण्याचे साधन म्हणून पाहत नाही. मुद्देसूद आणि निर्धास्तपणे भांडता येईल अशी जागा म्हणून ते कितपत उतरते, एवढेच मला येथे लिहायचे आहे.

सिग्नलमागे कंपनी नाही, ना-नफा संस्था आहे. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक असलेले ब्रायन ॲक्टन फेसबुक सोडून बाहेर पडले आणि २०१८ मध्ये त्यांनी पाच कोटी डॉलर घालून सिग्नलचे निर्माते मॉक्सी मार्लिनस्पाइक यांच्याबरोबर सिग्नल फाउंडेशन उभे केले. ॲपमध्ये जाहिराती नाहीत आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही तपासता येतो. खर्च देणग्यांतून भागतो, आणि तो लहान नाही. २०२३ च्या अखेरीस संस्थेने दिलेल्या हिशेबानुसार केवळ नोंदणीचे एसएमएस पाठवण्यावर वर्षाला सुमारे साठ लाख डॉलर जातात. मी स्वतः वर्षातून एकदा थोडे पैसे देतो, हे परीक्षण वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे.

आमच्या गटावर पहिला मोठा वाद सिग्नलवरूनच झाला. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व संदेशांना जे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाही संदेश वाचता येऊ नये असे कुलूप, दिले, ते सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर, म्हणजे कार्यपद्धतीवर, बेतलेले आहे. मग कुलूप एकाच कारखान्याचे असताना घर बदलायचे कशाला, असा एका मित्राचा सवाल होता, आणि तो बिनतोड वाटावा असाच होता. त्याचे उत्तर मेटाडेटात, म्हणजे संदेशाभोवतीच्या माहितीत, आहे. संदेशातला मजकूर गुप्त राहिला, तरी कोण कोणाशी, किती वेळा आणि कोणत्या वेळी बोलतो यावरून माणसाविषयी बरेच काही कळते. सिग्नलने हा भागही आपल्या हाती राहू नये अशी रचना केली आहे; गटाचे नाव आणि सभासदांची यादीसुद्धा सर्व्हरला वाचता येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) दोन फोन क्रमांकांची माहिती मागितली, तेव्हा त्यांपैकी एकाच क्रमांकाचे खाते निघाले, आणि त्याच्याविषयी संस्थेला देता आले ते केवळ खाते उघडल्याची वेळ आणि शेवटच्या जोडणीची तारीख. हा दाखला दिल्यावर मित्राने हट्ट सोडला. आमच्या गटात असे सहसा घडत नाही.

कुलपाची खात्री करून घेण्याची सोय मला सर्वांत आवडली, आणि ती फारच थोडे लोक वापरतात. प्रत्येक दोन व्यक्तींमधील संवादासाठी सिग्नल साठ अंकांचा एक सुरक्षा क्रमांक दाखवते. दोघांच्या फोनवर तो सारखाच असेल, तर मध्ये कोणी तिसरा बसलेला नाही असे समजावे. सांगलीत आम्ही भेटलो, तेव्हा चहाच्या टेबलावर फोनला फोन लावून क्यूआर कोड तपासले. एका जोडीला अर्धा मिनिटही लागला नाही. सिंगापूरच्या मित्राबरोबर मात्र व्हिडिओ कॉलवर पाच-पाच अंकांचे बारा गट मी मराठीत मोठ्याने वाचले आणि त्याने आपल्या पडद्यावर बोट फिरवत प्रत्येक गटाला हुंकार दिला. सातव्या गटाला तो थांबला, कारण मी ‘एकोणसत्तर’ म्हणालो आणि त्याला ‘एकोणऐंशी’ ऐकू आले. तेव्हापासून आम्ही जोड आकडे न वाचता सुटे अंक वाचतो, आणि मराठीतून पडताळणी करणाऱ्या प्रत्येकाने तसेच करावे असे मी सुचवेन.

या गुप्ततेविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप आमच्याच गटातून आला आणि तो मी कधीही हलक्यात घेतलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारे ते लोक सोलापूर जिल्ह्यातून आले होते. आमचा एक मित्र त्या वर्षी धुळ्यात नोकरीला होता. त्याचे म्हणणे असे, की अफवेचा मूळ कर्ता शोधता येत नसेल, तर तुमची ही गोपनीयता कोणाच्या जिवावर उभी आहे? फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या संदेशसेवांवर मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन आले, तेव्हा त्याने त्याचे स्वागत केले. मी त्याच्या विरुद्ध बाजूला होतो आणि आजही आहे. मूळ प्रेषक शोधायचा, तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागते, आणि गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा ऑगस्ट २०१७ चा निर्णय डोळ्यांसमोर ठेवला, तर एवढी सरसकट पाळत मला मान्य होत नाही. पण संदेश एका वेळी फार तर पाच ठिकाणीच पुढे पाठवता यावा, ही मर्यादा व्हॉट्सॲपने त्याच जुलैत भारतात आणली आणि सिग्नलमध्येही ती आहे, याचे समाधान आम्हा दोघांनाही आहे. एन्क्रिप्शनला हात न लावता अफवेचा वेग कमी करण्याचा तो एक मार्ग आहे.

आता ज्या सोयीमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले, तिच्याकडे येतो. ठरावीक मुदतीनंतर संदेश आपोआप नाहीसे करण्याची सोय सिग्नलमध्ये आहे; तयार पर्यायांत सर्वांत लांब मुदत चार आठवड्यांची आहे. आम्ही सुरुवातीलाच उत्साहाने एक आठवड्याची मुदत लावली. फोन हरवला, कोणाच्या हाती पडला, तरी आपली मते भलत्याच ठिकाणी जाणार नाहीत, असा विचार होता.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने फोन उत्पादकांना आदेश दिला, की नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच घालून द्यावे आणि त्याची कार्ये बंद किंवा मर्यादित करता येऊ नयेत. १ डिसेंबरला बातमी फुटली आणि गट पेटला. दूरसंचारवाल्या मित्राने चोरीच्या फोनचा बाजार, बनावट आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) आणि हरवलेले फोन परत मिळवून देण्यातील त्या ॲपचा उपयोग यांवर तीन लांब संदेश लिहिले. नाशिकच्या मैत्रिणीने एका बँकेच्या माहिती सुरक्षा विभागात वीस वर्षे काढली आहेत. तिने विचारले, की मालकाला काढता येत नाही असे कोणतेही ॲप फोनमध्ये असावेच का? दुसऱ्या दिवशी केंद्रीय मंत्र्यांनी वापरकर्त्याला ते काढून टाकता येईल असे सांगितले आणि ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेण्यात आली.

वाद मात्र संपला नाही. दहा-बारा दिवसांनी विषय पुन्हा निघाला, तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘तू तर सक्तीच्या बाजूने होतास.’ मित्र म्हणाला, ‘मी सक्तीला कधीच पाठिंबा दिला नव्हता.’ दोघेही खोटे बोलणारे नाहीत. दोघांनी वर जाऊन पाहिले, आम्ही सर्वांनीच पाहिले, आणि तेथे काहीच नव्हते. आठवडा उलटून गेला होता.

त्याचा उलगडा एका वेगळ्याच फोनवरून झाला. आमचा एक मित्र त्या काळात नर्मदा परिक्रमेत होता आणि फोन बंद ठेवून चालत होता. सिग्नलमध्ये वाचणाऱ्यासाठी मुदत सुरू होते ती त्याने संदेश वाचल्यापासून. त्याने १० डिसेंबरला एका आश्रमात फोन सुरू केला, तेव्हा सगळे संदेश त्याच्याकडे जसेच्या तसे उतरले आणि त्याच्यापुरता आठवडा तेथून मोजला जाऊ लागला. त्याने मूळ मजकूर आमच्यासमोर ठेवला. दूरसंचारवाल्याने लिहिले होते, की सर्व फोनमध्ये ॲप आधीच असल्याशिवाय चोरीचा बाजार आटोक्यात येणार नाही, पण ते काढून टाकण्याची मुभा प्रत्येकाला हवी. मैत्रिणीच्या लक्षात पहिला अर्धा राहिला होता आणि त्याच्या स्वतःच्या लक्षात दुसरा.

त्या रात्री आम्ही वादाच्या गटाची मुदत काढून टाकली. ज्याला दुसऱ्याचे म्हणणे खोडायचे आहे, त्याच्यासमोर ते म्हणणे शब्दशः असले पाहिजे. नाहीतर आपण माणसाशी वाद घालत नाही, आपल्या आठवणीशी घालतो. बँकेचे तपशील, आजारपण, मुलांचे पत्ते अशा गोष्टींसाठी वेगळा गट केला आणि तेथे एका दिवसाची मुदत ठेवली. ॲपने दोन्ही सोयी दिल्या होत्या. कोणत्या जागी कोणती लावायची याचा विचार आम्ही केला नव्हता, एवढेच.

वादाच्या दृष्टीने संदेश सुधारण्याची पद्धतही मला फार मोलाची वाटते. पाठवलेला संदेश चोवीस तासांपर्यंत बदलता येतो, पण त्यावर बदलल्याची खूण राहते आणि तिला स्पर्श केला की संदेशाची आधीची सर्व रूपे दिसतात. चूक दुरुस्त करता येते, पण शब्द फिरवून नामानिराळे राहता येत नाही. कोण केव्हा ॲपवर होता हे सिग्नल दाखवत नाही आणि संदेश वाचल्याची पोचही बंद करता येते, त्यामुळे ‘वाचून गप्प का बसलास’ हा टोमणा आमच्याकडून जवळजवळ नाहीसा झाला आहे. लोक दोन दिवस विचार करून उत्तर देऊ लागले आहेत. संगणकावरील आवृत्ती जोडून कीबोर्डवर लिहिता येते, हेही त्याचे एक कारण आहे. फोनवर अंगठ्याने लिहिलेला प्रतिवाद बहुधा त्रोटक आणि तिरसट होतो.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या हातून ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग हे येमेनवरील हल्ल्यांची चर्चा चाललेल्या सिग्नल गटात जोडले गेले, आणि सिग्नल फोडले गेले अशी आरोळी आमच्या गटावरही उठली. प्रत्यक्षात कुलूप शाबूत होते. दार आतून उघडले गेले होते. गोल्डबर्ग त्या गटात केवळ ‘जेजी’ या आद्याक्षरांनी दिसत होते आणि कोणीही विचारले नाही की हा कोण. मी लगेच आमची यादी उघडली. तीन जण आद्याक्षरांनी होते आणि त्यांपैकी एक कोण, हे मला सांगता येईना. तो नागपूरचा जुना वर्गमित्रच निघाला, पण तेव्हापासून आमच्याकडे पूर्ण नाव लावल्याशिवाय सभासदत्व नाही. यात फोन क्रमांक उघड करण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ पासून सिग्नलवर वापरकर्ता-नाव घेता येते, आणि आमच्या दोन मैत्रिणी त्यानंतरच गटात यायला तयार झाल्या. नोंदणीसाठी मात्र क्रमांक अजूनही लागतोच, आणि तो लागू नये असे मला वाटते.

उणिवांपैकी सर्वांत जाचक ती ही, की एका गटात विषयवार धागे करता येत नाहीत. संचार साथी, कोणाच्या तरी पायाचे प्लास्टर आणि यूपीआय फसवणुकीचा नवा प्रकार हे सर्व एकाच प्रवाहात वाहते. उद्धृत करून उत्तर देता येते, पण पन्नास संदेशांनंतर मूळ मुद्दा हाती लागत नाही. टेलिग्राममध्ये असे विषय करता येतात. परंतु तेथील गटांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच नाही, आणि हे ठाऊक नसताना ते ‘जास्त सुरक्षित’ म्हणून वापरणारे लोक मला आजही भेटतात. बॅकअपची, म्हणजे संदेशांची प्रत राखून ठेवण्याची, रडकथा बरीच जुनी होती. सप्टेंबर २०२५ पासून सुरक्षित क्लाउड बॅकअप येऊ लागले आहे. सर्व मजकूर आणि पंचेचाळीस दिवसांची छायाचित्रे विनामूल्य, त्याहून अधिकासाठी महिन्याला सुमारे दोन डॉलर. त्याची चौसष्ट अक्षरांची किल्ली हरवली, तर संस्थाही काही करू शकत नाही. मी ती वहीत लिहून कपाटात ठेवली आहे.

हजारो अनोळखी लोकांसमोर मत मांडायचे असेल, तर हे ॲप त्यासाठी नाही. गटाची मर्यादाच एक हजाराची आहे. वीस-तीस परिचितांना रोज मोकळेपणाने आणि जबाबदारीने वाद घालायचा असेल, तर मी निःसंकोचपणे हेच सुचवेन.

सिंगापूरच्या मित्राने गेल्या आठवड्यात फोन बदलला आणि जुन्यावरून काहीही न आणता नव्याने नोंदणी केली. त्याच्याबरोबरचा सुरक्षा क्रमांक बदलल्याची सूचना माझ्या पडद्यावर आली आहे. रविवारी रात्री साडेनऊला साठ अंक पुन्हा वाचायचे ठरले आहे, या वेळी सुटे सुटे.