८२६ रुपयांची टोपी

डिजिटल पियानोच्या दुरुस्तीची पावती समोर ठेवूनच लिहायला बसलोय. व्हिजिट चार्ज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, एकूण ८२६ रुपये. 'आढळलेला दोष' या रकान्यात लिहिलंय, नाही. आणि केलेलं काम? हेडफोनच्या सॉकेटात राहिलेली पिनेची टोपी काढली. दोन बोटांनी. हिनं चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळायच्या आत दुरुस्तीला आलेल्या पोराचं काम संपलं होतं.

डिजिटल पियानो घेऊन आठ महिने झाले. दिवाळीच्या पाडव्याला नातीसाठी घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही आणि पियानो वाईट आहे असंही मला म्हणायचं नाही. ८८ पट्ट्या, वजनदार, बारा किलो, स्टँडचे पैसे वेगळे. बाकीचे आकडे दुकानात जायच्या आधीच सगळ्यांना पाठ असतात, ते उगाळत नाही. मला बोलायचंय त्या टोपीबद्दल.

आमच्या पियानोचं हेडफोनचं सॉकेट मोठ्या पिनेचं आहे, ६.३५ मिलिमीटरचं. आपल्या घरातले हेडफोन ३.५ चे. मध्ये कन्व्हर्टर लागतो, त्यालाच आमच्याकडे टोपी म्हणतात. ४० रुपयांना मिळते. ४५ हजारांच्या खोक्यात मात्र ती नव्हती. रियाझ झाला की नात हेडफोनची वायर धरून ओढते. हेडफोन हातात येतो, टोपी आतच राहते. टोपी काळी, सॉकेट काळं, पियानो काळा, आणि सॉकेट पट्ट्यांच्या खालच्या अंगाला. वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसायचं नाही. आत काहीही घुसलेलं असलं की पियानोला वाटतं हेडफोन लावलाय, मग तो स्पीकर बंद करतो. दिवा लागलेला, पट्ट्या हलताहेत, आवाज शून्य.

मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो. जुन्या ट्रान्झिस्टरच्या इअरफोनला हीच युक्ती असायची. पिन घातली की आतली पत्ती उचलली जाते आणि स्पीकरची लाइन तुटते. असे कितीतरी रेडिओ मी उघडलेत. तरी मला सुचलं नाही. मी अडॅप्टरचे व्होल्ट मोजत बसलो, ते बरोबर १२ आले. हे आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी ऐकवायला नको.

पण मला सुचलं नाही म्हणून त्यांनाही सुचू नये? तीन आठवडे मी मदतीच्या नंबरवर होतो. पहिल्या बाईंनी सिरियल नंबर, बिलाचा फोटो आणि पिनकोड घेतला. दुसरा म्हणाला, "सर, एक बार फॅक्टरी रिसेट कर लीजिए." केलं. आवाज आला नाही, पण आत रेकॉर्ड करून ठेवलेले नातीचे सगळे तुकडे गेले. रिसेटनं तेही पुसतात, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्यानं सांगितलं, पियानो कोल्हापूरला घेऊन या. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या पुरानंतर किमतीची एकही वस्तू आम्ही खाली ठेवत नाही, पियानोही माडीवर आहे. सव्वाचार फुटांचं ते धूड अरुंद जिन्यातून उतरवायचं, गाडी करायची, कोल्हापूरला न्यायचं आणि परत आणायचं. मी म्हटलं, माणूस पाठवा. मग तो नियम कळला. दोष निघाला तर वॉरंटीत फुकट, नाही निघाला तर चार्ज.

आलेल्या पोराचा राग नाही. त्यानं जिना चढून पियानो बघितला, हात खाली घातला, "काका, हे काय हो?" म्हणाला आणि टोपी माझ्या तळहातावर ठेवली. त्यालाही जरा कसंतरीच झालं. पावती फाडावीच लागते म्हणाला. फाडली.

इथवर परवा लिहिलं होतं आणि खाली दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. रात्री वाटलं, एकदा माहितीपुस्तक नीट बघावं. खोक्यातलं पुस्तक म्हणजे पातळ चोपडी, मराठीचा पत्ता नाही. पूर्ण पुस्तक संगणकावर उतरवून घ्यावं लागतं. त्यात मागे अडचणींचा तक्ता आहे, आणि 'आवाज येत नाही' याखाली पहिल्या तीन ओळींतच लिहिलंय की हेडफोन किंवा कन्व्हर्टर सॉकेटात आहे का पाहा. म्हणजे कंपनीला हे पक्कं माहीत होतं. एवढे लोक यात फसतात की छापावं लागलं. मग फोनवरच्या तिघांपुढे तो तक्ता का नव्हता? माझा राग अर्धा कमी झाला आणि उरलेला अर्धा दुप्पट झाला.

आता रेकॉर्डिंगचं सांगतो. त्यासाठीही मी याच नंबरवर दोनदा फोन केला होता, आणि दोन्ही वेळा उत्तर मिळालं, "यूएसबी से हो जाएगा सर." ते अर्धसत्य आहे.

नातीच्या बाई पुण्याहून ऑनलाइन शिकवतात. दर आठवड्याला वाजवलेलं रेकॉर्ड करून पाठवायचं असतं. मोबाइल समोर ठेवून केलं तर पियानो पत्र्याच्या डब्यातून वाजल्यासारखा येतो, आणि पट्ट्यांची ठकठक सुरांपेक्षा मोठी. वजनदार पट्ट्यांचं हे असंच असतं, आत हातोडीसारखी यंत्रणा आहे. मग पियानोतलाच रेकॉर्डर वापरला. तो छान वाजवून दाखवतो, पण ते बाहेर पाठवता येत नाही. कारण त्यात आवाज नसतोच. कोणती पट्टी, कधी, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच नोंद असते. याला मिडी म्हणतात, १९८३ पासूनची पद्धत आहे. नोटेशनची वही समजा. वही पाठवून गाणं ऐकू येत नाही, समोर वाजवणारं लागतं.

यूएसबीचंही तेच. मागचं चौकोनी सॉकेट बघून मला हसू आलं, ही तर प्रिंटरची वायर! माळ्यावर मेलेला प्रिंटर होता, त्याची काढली. खर्च शून्य, आठ महिन्यांत मला झालेला सगळ्यात मोठा आनंद हाच. मोबाइलला ओटीजीची जोडणी, म्हणजे यूएसबीची वायर घेणारी छोटी पिन, लावून वायर घातली. मोबाइलनं पियानो ओळखला, पण रेकॉर्डिंगमध्ये काही नाही. या दर्जाच्या बऱ्याच पियानोंत या वायरीतून मिडीच जातं, आवाज जात नाही. महागड्या मॉडेलांत दोन्ही जातं. घेताना हा एक प्रश्न नक्की विचारा, दुकानदार आपण होऊन सांगत नाही. ब्लूटूथही आहे, पण ते मोबाइलवरची गाणी पियानोच्या स्पीकरवर ऐकण्यापुरतं, उलट्या दिशेनं चालत नाही. ब्लूटूथचे हेडफोनही जोडले जात नाहीत. आणि जोडले गेले असते तरी पट्टी दाबल्यावर सूर मागाहून आला असता, त्यावर रियाझ होत नाही.

शेवटी मार्ग दाखवला तो गल्लीतल्या गणपती मंडळाचा साउंड बघणाऱ्या पोरानं. म्हणाला, "आबा, हेडफोनच्या भोकातून जे बाहेर येतं तो आवाजच आहे की. तो घ्या." म्हणजे फिरून परत त्या भोकापाशीच. घरात जुना डेस्कटॉप आहे, त्याच्या मागे तीन सॉकेटं असतात, हिरवं, गुलाबी आणि निळं. गुलाबी माइकचं, त्यात घातलं तर आवाज फाटतो. निळं लाइन-इन, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घ्यायचं, ते आपलं. दोन्हीकडे पिना असलेली स्टीरिओ वायर, पियानोच्या बाजूला तीच टोपी, आणि संगणकावर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, जे फुकट मिळतं. पियानोचा आवाज निम्म्यावर ठेवायचा, कारण हेडफोनचा आवाज वाढवला की रेकॉर्डिंगही तेवढंच चढतं आणि चिरकतं.

पहिल्या दिवशी मागे सारखा हुंकार येत होता. इथं मात्र वर्कशॉप कामाला आलं. पियानो एका भिंतीच्या बोर्डावर, संगणक दुसऱ्या, दोन्हीकडच्या अर्थिंगमधून आवाजाच्या वायरीत वीज फिरत होती, म्हणजे अर्थिंगचा फेरा तयार झाला होता. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर घेतल्यावर बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. लाइट गेल्यावर आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर पुन्हा घरघर येते, त्याला इलाज नाही, त्याचा विजेचा आकारच चौकोनी. आणि पियानो इन्व्हर्टरवर नसेल आणि त्यातल्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर तेवढा तुकडा गेलाच समजा. आता पावसाळा आहे, रोज संध्याकाळी एकदा तरी जाते.

बाईंना हात दिसायला हवेत, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ आणि संगणकावर आवाज, नंतर जोडायचं. जुळवायला मी सिनेमातल्यासारखी टाळी वाजवली. टाळी वायरीतून कशी जाणार? नात हसून लोळली. आता ती आधी सगळ्यात खालची पट्टी एकदा दाबते, बोट व्हिडिओत दिसतं आणि सूर वायरीत येतो. आणि ऑनलाइन तासाला झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायचं असतं. नाहीतर ते सॉफ्टवेअर लांबलेल्या सुराला पंख्याचा आवाज समजून खाऊन टाकतं. हे सूनबाईंनी शोधलं. चार महिने बाई म्हणत होत्या, पोरगी सूर मध्येच सोडते, आणि पोरगी बोलणी खात होती.

पायाच्या पेडलबद्दल एकच. खोक्यातलं हलकं पेडल फरशीवर पळतं, सायकलची जुनी ट्यूब कापून खाली चिकटवली. ते दाबलेलं असताना पियानो चालू करू नका, उलटं काम करायला लागतं.

आता ज्यासाठी मी तारे वाढवणार आहे ते सांगतो. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, चाळीसेक वर्षं. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर. त्याला सूर माहीतच नाहीत. पियानोत रेकॉर्डिंगला दोन ट्रॅक आहेत, डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा. मी डाव्या हातानं अगदी सावकाश, अडखळत, चार सूर भरले. मग लय दुप्पट केली. सूर चढला नाही, नुसती गती वाढली. मिडी म्हणजे वहीच, भरभर वाचली म्हणून तिच्यातला सा बदलत नाही. माझा डावा हात समोर झरझर वाजतोय आणि मी उजव्या हातानं त्यावर गातोय! त्या रात्री हेडफोन लावून साडेबारापर्यंत बसलो. हिनं येऊन बघितलं तर आवाज नाही, नुसती ठकठक आणि माझी मान हलतेय. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

ट्रान्सपोजही, म्हणजे सगळे सूर एकदम वरखाली सरकवायची सोयही, कामाचं. मंडळ काळी एकला सा धरून गातं, नातीला पांढरी एकशिवाय सुचत नाही. एक घर चढवलं की ती तिच्या पट्ट्यांवर वाजवते आणि सूर आमच्यात येतो. मात्र परत उतरवायला विसरू नका, आमच्याकडे एकदा तसाच तास झाला आणि बाईंनी पुण्यातून ओळखलं. मंडळाची पेटी नेहमीच्या ४४० हर्ट्झला नाही, थोडी वर बोलते. पियानोत हर्ट्झ बारीक बारीक सरकवून तीही जुळवली. हे सगळं एका फंक्शन बटणासोबत वेगवेगळ्या पट्ट्या दाबून करायचं असतं, पडदा नाहीच. मी पट्ट्यांच्या मागे कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवलंय.

सांगलीपासून अर्ध्या तासावर मिरज. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मंडळाचा तंबोरा मी तिथंच नेतो. कारागीर समोर बसवतो, घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावतो, आपण मान डोलावली की थांबतो. त्या माणसानं मला कधी सिरियल नंबर विचारला नाही. यंत्राची तुलना तंबोऱ्याशी करू नये हे कळतं मला. पण ८२६ रुपये गेल्यावर माणूस कशाचीही तुलना कशाशीही करतो.

टोपी आता हेडफोनच्या पिनेला दोऱ्यानं बांधून टाकलीय, किल्लीला बांधतात तशी.

राहता राहिलं एक. गेल्या आठवड्यापासून मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या जरा जास्तच खटखट करताहेत. दमट हवेनं असेल किंवा आतलं फेल्ट, म्हणजे मऊ कापडी गादी, बसलं असेल. वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे. पण बोलावलं आणि पोरगा येईस्तोवर ऊन पडून पट्ट्या गप्प झाल्या तर पुन्हा ८२६. रेकॉर्डिंग लावून दाखवावं, तर वायरीतून खटखट जातच नाही. सध्या मोबाइल समोर ठेवून त्या दोन पट्ट्यांचे व्हिडिओ काढून ठेवतोय, तारीख-वारासकट. तोपर्यंत साडेतीन तारे.